ओरेनाचा धाकांक

सरकार आपल्या माणसांना कसं वागवतं, हे सरकारलाच विचारणं म्हणजे सासूला "सुनेला कसं वागवता हो?" असं विचारण्यासारखं. उत्तर ठरलेलं असतं. बरं, सुनेला विचारावं, तर ती आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते आणि मग "बरं आहे" म्हणते. जगातल्या शहाण्या माणसांनी कित्येक वर्षं हाच उद्योग केला. देशोदेशीचे अहवाल, पेपरांची कात्रणं आणि कोर्टाचे निकाल गोळा करायचे, आणि चार तज्ज्ञांनी बसून प्रत्येक देशाला मानवी हक्कांचे गुण द्यायचे. त्यात एक विचित्र प्रकार व्हायचा. पोलिसांनी कुणाला मारलं तर जिथं पेपरात छापून येतं, खटला उभा राहतो, त्या देशाचे गुण घसरायचे. आणि जिथं माणूस नाहीसा झाला तरी शेजारी नुसती खिडकी लावून घेतात, तो देश वरच्या नंबरानं पास व्हायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

मग कुणाला तरी केसांची आठवण झाली.

माणूस घाबरला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. रक्तातून ते लवकर ओसरतं, पण त्यातला थोडा अंश वाढत्या केसाच्या मुळातून आत शिरतो आणि तिथंच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कातडीलगतच्या तीन सेंटिमीटर केसात गेल्या तीन महिन्यांची भीती साठलेली असते. आता आजारपणानं, उपासमारीनं, बाळंतपणानंही हे द्रव्य वाढतं. त्यासाठी केसातली इतर बरीच द्रव्यं मोजून ती कारणं वजा करायची. उरलेली भीती देशभरच्या घरांमध्ये एकाच वेळी कशी चढते आणि उतरते ते बघायचं. एका माणसाची भीती त्याची खासगी असते, पण हजारो अनोळखी घरांना एकाच महिन्यात धडकी भरते, तेव्हा तिचं कारण घरात नसतं, सत्तेत असतं. या हिशेबातून जो आकडा निघतो, त्याला मराठीत धाकांक असं नाव पडलं. धाकांक जितका कमी, तितका त्या सरकारच्या मनात माणसाच्या हक्कांबद्दल आदर जास्त. कर्ज, व्यापार आणि परागंदा माणसांना मिळणारा आसरा, सगळं या आकड्यावर ठरू लागलं. केस द्यायला नकार देणाऱ्या देशाला आपोआप सर्वांत वाईट आकडा मिळे, म्हणून नकार कुणी देत नसे.

आशियातल्या बऱ्याच देशांचे नमुने मिरजेला येत. तिथल्या केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : "माणूस खोटं बोलेल, केस बोलणार नाही." गावातले रिक्षावाले मात्र त्या इमारतीला "मोठं सलून" म्हणत. तिथल्या पडताळणी विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. उल्का घोरपडे. तपासणी पूर्ण झाली, आकडा निघाला, की त्यांची सही झाल्याशिवाय तो बाहेर जात नसे. वय पंचावन्नच्या पुढे, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा रणधीर कॅनडात. शिस्त अशी, की केंद्रातल्या पेनानं घरचा निरोपसुद्धा लिहायच्या नाहीत.

उल्काच्या घरी वरच्या खोलीत नायेल राहायची. नायेल तोरवेन, डोंगराळ ओरेना देशातली. मिरजेला नर्सिंग शिकायला आली आणि ती इथं असतानाच तिकडे सेनापतींनी सत्ता घेतली. तिला आसऱ्याचा परवाना मिळाला आणि ती इथंच एका इस्पितळात नोकरीला लागली. मराठी शिकली ती वॉर्डातल्या आयांकडून. त्यामुळे पिंगट डोळ्यांची, गोरीपान पोरगी तोंड उघडायची आणि आतून अस्सल मिरज बाहेर पडायची. उल्काचा नवरा गेला तेव्हा पहिल्या दिवसापासून नायेलनं स्वयंपाकघर हातात घेतलं होतं. रणधीर परत गेल्यावर त्या मोठ्या घरात दोघीच उरल्या, आणि जेवण एकत्र व्हायला लागलं. उल्काला मुलगी नव्हती. तिनं हे वाक्य कधी उच्चारलं नाही, पण बाजारात नायेलसाठी बांगड्या घेताना मापावरून जास्तच वेळ घासाघीस करायची.

परवान्याचा नियम सोपा होता. मायदेशाचा धाकांक सलग दोन पाहण्यांत हिरव्या, म्हणजे बिनधोक पट्ट्यात आला, की आसरा संपला, परत जायचं. ओरेनाचा आकडा एकदा हिरवा आलेला होता. दुसरी पाहणी झाली होती.

रविवारी सकाळी नायेल शेंगा फोडत बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, "मावशी, ओरेनाचं काम तुमच्याकडं आलंया न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? चार दिस झालं, माझ्याशी बोलताना तुम्ही भाजीकडं बघालायसा."

ज्या देशाचे नमुने हाताशी आहेत, त्या देशाच्या माणसाशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम होता. नायेल घरात राहते हे तिनं वरिष्ठांना पूर्वीच कळवलं होतं. वरिष्ठांनी उत्तर दिलं होतं, की तुमच्यावर आमचा विश्वास आहे. त्या विश्वासाचं तिला फार अप्रूप होतं.

"तुम्ही नका बोलू, नुसतं ऐका," नायेल म्हणाली. "आईला फोन केला की ती पाऊस सांगती. शेळ्या सांगती. भावाचं नाव काढलं की परत पाऊस सांगती. असं कुठं असतंय का? काय तरी लई वाईट चाललंया तिकडं."

"नायेल, अगं, केंद्रानं हजारो घरांतून…"

"सही करू नका मावशी. 'शंका हाय' एवढंच लिवा. मग परत पाहणी करतात. तुमच्या हातात हाय ते, मला ठावं हाय."

"कशाच्या आधारावर लिहू? तू माझ्या घरात राहतेस म्हणून?"

"व्हय," नायेल म्हणाली. "म्हणून."

उल्काची वर्षानुवर्षं जपलेली शिस्त अशा वेळी जास्तच ताठ होते. "आज मी तुझ्यासाठी आकडा अडवला, तर उद्या दुसरा कुणीतरी सेनापतीसाठी अडवेल," ती म्हणाली. "मग ह्या यंत्राला काय अर्थ राहिला? माणसं घाबरून काहीही बोलतात, किंवा बोलत नाहीत. म्हणून तर केस बघायचे. केस खोटं बोलत नाहीत, बाळा."

नायेलनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. त्या दिवशी चटणी झाली, पण जेवायला ती खाली आली नाही.

सोमवारी उल्कानं ओरेनाचा अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. डोळ्यांत तेल घालून वाचला. कुठंतरी खोट सापडावी असं मनातून वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून ती स्वतःवर चिडलीही. नमुने पुरेसे होते, यंत्रं नीट चाललेली होती. भीती उतरली होती, आणि चांगली उतरली होती. एकच गोष्ट टोचली. चिठ्ठी टाकून घर निवडायचं, आणि त्या घरात तीन सेंटिमीटर लांबीचे केस कुणाचेच नसले तर पुढचं घर घ्यायचं, अशी केंद्राची पद्धत. त्याला "बदली घर" म्हणत. एरवी शंभरात पाच-सात घरं बदलावी लागत. ओरेनात या खेपेला निम्म्याच्या आसपास बदलली होती. समोर कारण दिलेलं होतं : स्थानिक रूढीमुळे केस आखूड.

ती केंद्राचे संचालक डॉ. परचुरे यांच्याकडे गेली. परचुरे सज्जन माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "रूढी म्हणजे रूढी, उल्काताई. मागं एका देशातल्या पगड्यांवरून आपण शंका काढली होती, तर केवढा गहजब झाला. लोकांच्या चालीरीतींना विकृती समजायचं नाही, हे आपणच लिहून ठेवलंय ना?"

"कसली रूढी ते लिहिलेलं नाही, सर."

"उन्हाळा असेल. डोंगरातला उन्हाळा तुम्हाला माहीत नाही. नमुने पुरे भरलेत ना? मग झालं तर."

पुरे भरले होते, हे खरं. रूढी कसली, हे विचारायला फार लांब जायचं कारण नव्हतं. घरी जाऊन जिन्याखाली उभं राहून एक हाक मारली असती तरी कळलं असतं. पण विचारायचं नाही, हा नियम होता, आणि नायेलच्याच बाबतीत नियम मोडला तर आपण पक्षपाती ठरू, ही उल्काची धास्ती होती. आपण तिच्यावर माया करतो म्हणूनच तिच्या बाबतीत जास्त कडक राहायला हवं, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि सही केली.

आकडा जाहीर झाला. ओरेनाच्या राजधानीत म्हणे सेनापतींनी मिठाई वाटली. नायेलला नोटीस आली. हद्दपारीचा शिक्का नको असेल तर "स्वेच्छेने परत जात आहे" असं लिहून द्यायची सोय होती. बहुतेक जण तसं लिहून देत. नायेलनंही दिलं. भांडली नाही, रडली नाही. जाईपर्यंत घरातली सगळी कामं ती मुकाट्यानं करत राहिली, हे उल्काला भांडणापेक्षा जास्त जड गेलं.

मुंबईच्या आराम बसपाशी उल्कानं तिच्या हातावर दही ठेवलं. "पोचलीस की फोन कर. आणि हे बघ, तिकडे खरंच बरं असेल. भाऊ भेटेल, आई भेटेल."

"तुमच्या तोंडात साखर पडो," नायेल म्हणाली. मग एकदम तिनं उल्काच्या गळ्यात हात टाकले. "रागावलो न्हाई मी. रागावाय पायजे होतं, पण जमलं न्हाई. येतो मावशी."

फोन आला तो चार दिवसांनी, दुपारी, केंद्रात डबा उघडता उघडता.

"मराठीतच बोला," नायेल हळू आवाजात म्हणाली. "ही भाषा हितं कुणाला कळत न्हाई. मावशी, हितं सगळी बोडकी हायत."

"म्हणजे?"

"बसमधी, बाजारात, शाळंच्या दारात. बायका, पोरीबाळी. कुणाच्या डोस्क्यावर केस न्हाईत. शहरात वरच्या आळीला साहेब लोकांची घरं हायत, तिथंच तेवढं लांब केस दिसलं."

"उन्हाळ्यात कापतात ना तुमच्याकडे?"

"उन्हाळ्यात? असं कोण म्हणलं तुम्हाला?" नायेल म्हणाली. "आमच्यात घरातलं माणूस गेलं की सगळं घर केस काढतंय, मावशी, आणि वर्षभर वाढू देत न्हाई. बाया, पोरं, म्हातारी, सगळी. हितं आता मोठ्यानं रडाय बंदी हाय. मेलेल्याचं नाव घ्याय बंदी हाय. केस काढाय तेवढी बंदी न्हाई, कारण रिवाज हाय. कुणी विचारलं तर 'रिवाज हाय' म्हणायचं आणि गप बसायचं."

उल्कानं डबा बंद केला.

"आईनं दार उघडलं, तवा तिचं डोस्कं बघितलं आणि कळलं," नायेल सांगत होती. "भाऊ थंडीतच गेला. नेला त्याला. फोनवर आई पाऊस सांगत हुती." तिचा आवाज फुटला. "आज मी पण काढलो. आता तुमच्या माणसास्नी माझा केस मिळायचा न्हाई."

फोन ठेवल्यावर उल्कानं ओरेनाचा अहवाल पुन्हा काढला. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि इतकं सोपं होतं की लाज वाटावी. ज्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्या घरात केस नाहीत. केस नाहीत म्हणून ते घर बाद. बदली म्हणून पुढचं घर, तिथंही केस नाहीत, म्हणून त्याच्या पुढचं. असं करत करत पाहणी करणारा अखेर जिथं झळ पोचली नव्हती त्या घराशी थांबायचा, आणि ते घर बहुधा सेनापतींच्या मर्जीतलं असायचं. जितकी माणसं जास्त मरतील, तितका धाकांक खाली येणार होता.

आणि तिला हे कळायला हवं होतं. तिच्या स्वतःच्या अंगणात, नवरा गेला तेव्हा, रणधीर पाटावर बसला होता आणि त्याच्या खांद्यावर पंचा तिनंच टाकला होता. विमानातून उतरून आलेला एवढा मोठा मुलगा, डोक्यावरचे केस उतरल्यावर एकदम लहान दिसायला लागला होता. माणूस गेल्यावर डोकी बोडकी होतात, हे जगात कुणाला सांगावं लागलं असतं, तरी घोरपड्यांच्या सुनेला सांगावं लागायला नको होतं. पण आपल्याकडे केस काढतो तो मुलगा. अख्ख्या घरानं, बायकापोरांनी डोकी बोडकी केली असतील, हे तिच्या मनाला शिवलंच नाही. अहवालात "रूढी" हा शब्द वाचताना तिला दुसऱ्यांचीच रूढी दिसली.

ती परचुरेंच्या खोलीत शिरली. "सर, ज्यांच्या घरी कुणी मेलं नाही, त्यांनाच आपण विचारत होतो की तुम्ही घाबरलात का."

परचुरेंनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "ती मुलगी गेली?"

"मी पाठवली, सर."

त्यांनी अडथळा आणला नाही, हे सांगायला हवं. त्याच दिवशी वरपर्यंत कळवलं. पण चूक जितकी मोठी, तितकी ती कबूल करायची यंत्रणा मंद चालते. आधी समिती बसली. मग इतर देशांचे जुने नमुने तपासले गेले. मग ओरेनात पुन्हा माणसं गेली, आणि या वेळी त्यांनी केस नसलेली घरं मोजली. ऋतू पालटले. अखेर आकडा दुरुस्त झाला, आणि ओरेना एका झटक्यात हिरव्यातून गडद लालमध्ये गेला. जगभर बातमी झाली. बाद घरांचाही हिशेब धरायच्या या नव्या रीतीला शास्त्रज्ञांनी "घोरपडे दुरुस्ती" असं नाव दिलं. परदेशातून अभिनंदनाचे निरोप आले. उल्कानं एकालाही उत्तर लिहिलं नाही.

नायेलचा फोन सुरुवातीला आठ-पंधरा दिवसांनी यायचा. मग ती फक्त पाऊस सांगायला लागली. मराठीतसुद्धा पाऊसच सांगायची, तेव्हा उल्का समजली की आता त्या भाषेचाही आडोसा उरलेला नाही. मग फोन नुसता वाजत राहायचा. मग एक दिवस वाजेनासा झाला. उल्कानं वकिलातीत खेटे घातले, दिल्लीला जाऊन आली, ओळखीपाळखी काढल्या. सगळीकडे एकच उत्तर : त्या स्वेच्छेने गेल्या आहेत. वरची खोली ती दर आठवड्याला झाडायची. भाडेकरू ठेवा, असं शेजारणी म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची.

दुरुस्त आकडा लागू झाल्यावर, एका सकाळी अकराच्या सुमाराला घरचा फोन वाजला. सांगलीच्या आसरा कार्यालयातून कुणी पाटील बोलत होते. आवाज दमलेला आणि सभ्य होता.

"ओरेनाच्या लोकांचे परवाने परत चालू करायचे आहेत, मॅडम. नायेल तोरवेन यांचा पत्ता तुमचाच आहे ना?"

"हो, माझाच."

"अजून तिथंच राहतात का?"

उल्कानं जिन्याकडे पाहिलं.

"काय आहे, कागदावर त्यांनी परत जातो असं लिहून दिलेलं दिसतंय. पण पुष्कळ जण लिहून देतात आणि जात नाहीत, इथंच राहतात, त्यामुळे आम्ही घरी विचारून घेतोय," पाटील म्हणाले. "समक्ष हजर असतील तर परवाना चालू राहील. मग उद्या त्या जगात कुठल्याही विमानतळावर उभ्या राहिल्या, तरी आपल्याकडे येऊ देतात. हजर नसतील तर नाव कमी होतं. एकदा कमी झालं की परत लावता येत नाही. मला आत्ताच्या आत्ता भरायचंय, म्हणून विचारतो. आहेत का घरात?"

उल्कानं आजवर एकही चुकीचा आकडा पुढे जाऊ दिला नव्हता. निदान जाणूनबुजून नाही. एका माणसासाठी नोंद वाकवली की सगळं यंत्र खोटं पडतं, हे तिनं याच घरात, एका रविवारी, समोर बसलेल्या पोरीला समजावून सांगितलं होतं. ते अजूनही तिला पटत होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज तिनं नेहमीचाच ठेवला.

"आहे ना," ती म्हणाली. "वर गच्चीवर आहे. आत्ताच न्हाली, केस वाळवत बसलीय. लांब आहेत हो तिचे, वाळायला वेळ लागतो. बोलावू का?"

"नको नको, बसू दे त्यांना उन्हात," पाटील म्हणाले. "हजर म्हणून लिहितो."